मालूताईंची प्रदक्षिणा

मालूताई बांदिवडेकर चुकल्या, हे वाक्य लंडनच्या हॅरोमध्ये मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी ते आज लिहितोय, कारण मालूताई आता मालवणात आहेत, मी इथे आहे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये भरपूर पाणी आहे. त्या एकदाच चुकल्या. तेही एका तासानं. पण त्या एका तासापायी आम्ही आठ जण डेव्हनच्या एका खाडीत, एकेचाळीस दगडांच्या रांगेवर, तारेवरच्या कावळ्यांसारखे उभे होतो आणि खालून पाणी चढत होतं.

थांबा. मालूताईंची गोष्ट मालूताईंच्या पद्धतीनं सांगितली पाहिजे. म्हणजे उजवी घालून.

मालूताई मिडवाइफ. हॅरोतल्या मराठी घरांतली निम्मी पोरं त्यांच्या हातांत जन्मली, माझी नीतासुद्धा. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज ऐकला की माणूस आपोआप वर बघायचा. सुती साडी, साडीवर नारिंगी रेनकोट, पायांत हिरवे वेलिंग्टन बूट आणि गळ्यात शिट्टी. माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. मी रोज ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत जायचो म्हणून मी ‘ब्रॅकनेल’. डॉक्टर प्रधान ग्लासगोच्या हॉस्पिटलमधून बदलून आले होते. हॅरोत दहा वर्षं काढूनही ते ‘ग्लासगो’च राहिले. माझ्या बायकोला मात्र त्या मंजिरी म्हणत.

“तिचं नाव मला ठाऊक आहे. बारा तास किंचाळत होती माझ्यासमोर. तू काय केलंस रे, ब्रॅकनेल? तू बाहेर सँडविच खात होतास.”

हे खरं आहे. चीज आणि पिकल.

दर वर्षी मे महिन्यात, जंगलात निळ्या ब्लूबेल्सचा गालिचा पसरला की मालूताई आम्हाला त्या खाडीवर चालायला नेत. खाडीचं नाव सांगणार नाही. “सांगितलंस तर लंडनची सगळी मंडळं बसेस भरून येतील,” अशी मला ताकीद आहे. वाट एका टेकडीभोवती गोल होती, नऊ मैलांची. गावातल्या चर्चपाशी गाड्या लावायच्या, शेतांतून समुद्राच्या कड्यावर जायचं, कड्यावरून खाडीच्या तोंडाशी उतरायचं, मग ओकच्या जंगलातून पाण्याच्या काठाकाठानं परत गावाकडे. गावाच्या जरा अलीकडे खाडीचा एक फाटा आडवा यायचा. तो ओलांडायला ते एकेचाळीस दगड. ओहोटीला दगड कोरडे, भरतीला दिसतसुद्धा नाहीत. दगड चुकले तर फाट्याला वळसा घालून पाच मैलांची रपेट.

कुठलाही शहाणा माणूस हे दगड आधी ओलांडेल आणि मग निवांत बाकीचं चालेल. गावातल्या दुकानातल्या पत्रकातही तसंच छापलं होतं. पण तसं गेलं की मधली टेकडी डाव्या हाताला येते. आणि मालूताई प्रदक्षिणा उलटी घालत नसत. देवळात त्या फारशा जात नसत, हळदीकुंकवाला नर्सच्या गणवेशात येत, पण गोल वाट दिसली की ती उजवी घालूनच पुरी करायची. एकदा कुत्र्याला घेऊन समोरून आलेल्या एका शेतकऱ्यानं त्यांना प्रेमानं सांगितलं, “तुम्ही उलट्या चालला आहात, लव्ह.”

मालूताई थांबल्या. त्याच्याकडे खालून वर पाहिलं. “माय डिअर मॅन,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे उलटे चालताय. हाऊ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन?”

तो बिचारा आमच्याबरोबर अर्धा मैल मागे चालत आला. कुत्रा तर पार गावापर्यंत.

जंगल सोडताना, दगडांवर पाय ठेवताना, कुठलीही जागा सोडताना मालूताई सर्वांत शेवटी निघत. सगळे पुढे गेले की त्या वळत आणि रिकाम्या जागेला तीनदा हाक घालत, “कोण रवलो काय रे? कोण रवलो काय?” कुणी राहिलंय का? उत्तर आलं नाही की मगच पाऊल टाकायचं. ही हाक त्यांच्या वडिलांची. वडील मालवणाजवळच्या एका खाडीवर तर चालवायचे, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. सुटताना काठावर तीन हाका, आणि धुक्यात वाट चुकली की शंख फुंकायचा, म्हणजे काठावरची माणसं आवाज देतात आणि दिशा कळते. हे सगळं मालूताई स्वयंपाकघरात कांदा चिरताना तुकड्यातुकड्यांनी सांगायच्या आणि डोळे पुसले की म्हणायच्या, “कांदा.”

भरती-ओहोटीचं गणितही वडिलांचंच. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा, तितक्या वाजता मालवणात भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. डेव्हनचं पाणी वेगळं, हे मालूताईंनी पहिल्याच वर्षी ओळखलं. तीन मे महिने त्या काठावर घड्याळ घेऊन बसल्या आणि निकाल दिला, “मालवणात सात तास मिळवा. डेव्हन आलं.” मग काय, भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे एक नजर, बोटांवर हिशेब, आणि निघा.

आता माझं पाप सांगतो. गावातल्या दुकानात भरती-ओहोटीच्या वेळांचं छोटं पुस्तक मिळायचं. मी ते चार वर्षं चोरून विकत घेतलं. उद्देश एकच, मालूताईंना रंगेहाथ पकडायचं. चारही वर्षं त्यांचा हिशेब पुस्तकाशी पाव तासाच्या आत जुळला. पाचव्या वर्षी मी पुस्तक घेणं सोडून दिलं. माणसानं किती वेळा हरावं?

पण एक गोष्ट मालूताई कांदा चिरतानाही कधी पुरती सांगत नसत. भावंडांत पाणी सगळ्यांत चांगलं कळायचं ते त्यांना. वडील म्हातारे झाले तेव्हा वल्हं मिळालं ते धाकट्या भावाला, बाबलला. मुलीच्या हातात होडी कोण देणार? त्या नर्सिंगला मुंबईला गेल्या, तिथून इथे. वडील गेल्याची तार उशिरा पोचली, आणि भावाशी बोलणं पत्रांच्या दोन ओळींवर आलं. पुढे त्या खाडीवर पूल झाला, होडी बंद पडली. पण पाणी कुणाला जास्त कळतं, याचा निकाल मालूताईंच्या मनात अजून लागायचा होता.

आणि एका वर्षी दिवाळीत बाबल आला.

बाबलमामा काटकुळे, शांत, डोक्यावर मंजिरीनं दिलेली लोकरीची टोपी. सात दिवसांत ते माझ्याशी दोन वाक्यं बोलले असतील. मालूताईंनी तारीख शोधून काढली होती. भाऊबीज शनिवारी येत होती, तीही पाच नोव्हेंबरला, म्हणजे इथे गावोगाव शेकोट्या आणि फटाके.

“मे महिना सोडून नोव्हेंबरात?” मी विचारलं.

“त्याला माझी खाडी दाखवायची आहे.” माझी, हा शब्द त्यांनी दाताखाली धरला. “आणि दगडांपलीकडे ओवाळणार आहे त्याला. निरांजन घेतलंय डब्यात.”

आम्ही आठ जण होतो. मालूताई, बाबलमामा, मी, मंजिरी, सोळा वर्षांची नीता, डॉक्टर प्रधान आणि देशपांडे पती-पत्नी. निघताना मालूताईंनी बोटांवर हिशेब मांडला, जरा मोठ्यानं, भावाला ऐकू जाईल असा. “द्वितीया. दोनाचा पाऊणपट दीड. अधिक सात, साडेआठला भरती. अडीचला पूर्ण सुकती, सगळं पाणी बाहेर. दगड साडेचारपर्यंत कोरडे.”

बाबलमामांनी मान एकीकडे झुकवली.

कड्यावर वारा असा होता की देशपांडेवहिनींची छत्री फ्रान्सच्या दिशेनं गेली. दीडच्या सुमाराला आम्ही खाडीच्या तोंडाशी उतरलो. सगळीकडे चिखल आणि वाळू, पाणी दूर एक चांदीची रेघ. नीता ओरडली, “बाबा, पाणी कुठे गेला?”

माझ्या मुलीचं मराठी हे असं. पण मालवणीत हे अगदी बरोबर, आणि बाबलमामांचा चेहरा उजळला. “ह्या चेडू मालवणी बोलता!” तिच्या पाठीवर थाप मारून ते सबंध दिवसात पहिल्यांदा हसले. मग त्यांनी पुन्हा त्या चांदीच्या रेघेकडे पाहिलं आणि हसू हळूहळू मावळलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, गावाची आठवण आली असेल.

मालूताई मात्र मजेत होत्या. जंगलात त्यांनी डब्यातून लाडू काढले, प्रत्येक ओकच्या झाडाची भावाला ओळख करून दिली, प्रधानांच्या बुटांची नाडी दोनदा बांधायला लावली. घाई नव्हतीच. पावणेचारला आम्ही दगडांपाशी आलो. ऊन झाडांच्या मागे गेलं होतं. दगड दिसत होते, ओले, काळे, आणि मधल्या पाचसहा दगडांच्या कडांना पाणी लागत होतं.

“पाऊण तास आहे,” मालूताई म्हणाल्या. “आरामात.”

बाबलमामा पाण्यापाशी उकिडवे बसले. एक सुकं पान उचललं आणि अलगद पाण्यात सोडलं. पान क्षणभर थांबलं. मग समुद्राकडे पाठ करून, आतल्या बाजूला, बरंच भराभर निघालं.

“बाय,” ते बहिणीला हळूच म्हणाले, “पाणी फिरला.”

“तासाभरापूर्वी फिरलंय,” मालूताई म्हणाल्या.

“नाय. दोन तास होवन गेले.”

मालूताईंच्या गालावर एक शीर उडत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, भावाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. आता मी म्हणू शकतो की मला पुस्तक आठवलं. चार वर्षं चोरून घेतलेलं, आणि पाचव्या वर्षापासून सोडून दिलेलं. मी तोंड उघडलं.

“ब्रॅकनेल, तू पुढे हो,” त्या म्हणाल्या. “नीताचा हात धर.”

मी तोंड मिटलं. हॅरोत सगळ्यांनीच मिटलं असतं. आणि मागे जायचं तर पाच मैल, अर्ध्या तासात अंधार.

बाबलमामांनी वाद घातला नाही. त्यांनी बूट काढले, गळ्यात अडकवले, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि एक लांब वाळकी फांदी उचलली. आमच्या मागे मालूताईंच्या तीन हाका झाडांवर आपटल्या. कोण रवलो काय? कोणी नव्हतं. सगळे पाण्यावर होतो.

पहिले पंधरा दगड ठीक. विसाव्याला बुटांत पाणी. तेविसावा दगड सगळ्यांत बुटका. मालूताई त्याला ‘सासू’ म्हणायच्या, कारण पाय ठेवला की घसरवते. सासू दिसतच नव्हती.

“बाबा,” नीता म्हणाली. तिच्या बोटांची नखं माझ्या तळव्यात रुतली होती. “पाणी आला. खूप आला.”

कुणी हसलं नाही.

मी चाचपत पाय टाकला, पोटरीपर्यंत गार पाणी, आणि सासूवर उभा राहिलो. नीता आली, मंजिरी आली, देशपांडे दोघे एकमेकांचे रेनकोट धरून आले. आणि प्रधान थांबले. हृदयाचे डॉक्टर, सव्वा सहा फूट, शंभर किलो. बाविसाव्या दगडावर दोन्ही पाय जोडून पुतळ्यासारखे. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांच्या मागे बाबलमामा, त्यांच्या मागे मालूताई. प्रधान हलेनात तोवर त्या दोघांची वाट बंद. पाणी प्रधानांच्या गुडघ्याला लागलं, आणि प्रवाह आता नुसता चढत नव्हता, ओढत होता.

पलीकडच्या गावात पहिला फटाका फुटला. खाडीवर हिरवा उजेड पडला आणि त्यात मला मालूताईंचा चेहरा दिसला. तेवढ्या एका क्षणात तो म्हातारा झाला होता.

“बाबल,” त्या म्हणाल्या. आवाज खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. “मी चुकले. तू पुढे हो. तू ने सगळ्यांना.”

आम्ही काठाकडे जायचं सोडून वळून बघायला लागलो. मूर्खपणाच होता, पण असा प्रसंग पुन्हा कधी येणार?

“मी नाय,” बाबलमामा म्हणाले. “तूच ने. हे तुझोच आवाज आयकतत. मी खांबो होतंय.”

आणि ते दगडावरून सरळ पाण्यात उतरले. कमरेपर्यंत. फांदी चिखलात रोवली, पाय फाकवले आणि प्रधानांच्या बाजूला खरोखरच खांबासारखे उभे राहिले.

मालूताईंनी श्वास घेतला. मग जो आवाज निघाला तो मी एकदाच ऐकला होता, दाराच्या बाहेरून, सँडविच खाताना.

“डॉक्टर प्रधान! खाली नाही बघायचं. समोर बघा. ब्रीद. मोठा श्वास. व्हेरी गुड. पुन्हा. आता डावा पाय. येतोय, येतोय, अगदी छान चाललंय. अँड पुश!”

शंभर किलोंचे प्रधान बाबलमामांच्या डोक्यावर हात टेकवून सासूवर आले.

“पुन्हा! थांबायचं नाही मध्ये! पुश!”

अठरा दगड, अठरा वेळा. ते काठावर पडले तेव्हा नवजात बाळासारखे लाल आणि ओलेचिंब होते, आणि रडत होते. मागून मालूताई आल्या. साडी कमरेपर्यंत भिजलेली, डबा डोक्यावर. शेवटच्या दगडापाशी पाण्यातून बाबलमामांनी हात पुढे केला. त्या हाताकडे त्यांनी जितका वेळ पाहिलं तितक्या वेळात पाणी आणखी एक बोट चढलं असेल. मग त्यांनी तो धरला.

गावाच्या हिरवळीवर मोठी शेकोटी पेटली होती. आम्ही आठ जण एका रांगेत तिला पाठ करून उभे, पँटमधून वाफा निघताहेत, आणि गावातल्या एका बाईनं न विचारता आमच्या हातांत गरम सूपचे मग दिलेले. मालूताई बोटांवर पुन्हा पुन्हा हिशेब करत होत्या. दीड अधिक सात. दीड अधिक सात.

“पण ताई,” नीता म्हणाली, “गेल्या संडेला क्लॉक्स मागे गेले ना?”

मालूताईंची बोटं थांबली.

ते सात तास मे महिन्यात मोजलेले. उन्हाळ्याच्या, तासभर पुढे केलेल्या घड्याळानं मोजलेले. इतकी वर्षं आम्ही फक्त मे महिन्यातच गेलो होतो. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या देशानं घड्याळं एक तास मागे घेतली, मालूताईंनीही घेतली. चंद्राला कुणी सांगितलं नव्हतं.

“एक तास,” त्या म्हणाल्या. “आठ माणसं आणि एक तास.”

त्यांनी डबा उघडला. निरांजनातली वात कोरडी होती, काडेपेटी मात्र भिजलेली. त्या तडक शेकोटीपाशी गेल्या, एका टोपीवाल्या इंग्रज म्हाताऱ्याच्या हातून जळकी काटकी काढून घेतली, त्याला “थँक यू, लव्ह” म्हणाल्या आणि वात पेटवली. मग बाबलमामांच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळून झालं तसं बाबलमामांनी पाठीवरच्या पिशवीतून एक पंचा काढला, पंच्यात शंख.

“बापाशीन तुझ्यासाठी ठेवलेलो. इतकी वर्सां माझ्याकडे रवलो.”

“आणि आज देतोस?” मालूताई कडाडल्या. “आज? इतकी वर्षं मी एकदा चुकले नाही, आणि आज?”

“जो कधी चुकना नाय,” बाबलमामा म्हणाले, “तेका शंख कशाक?”

मालूताईंनी शंख पोटाशी धरला आणि शेकोटीकडे तोंड फिरवलं. त्या वेळी कांदा कुठेही नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात मालूताई दुकानातून पुस्तक विकत घेऊ लागल्या, उघडपणे. पुस्तक पाहायच्या, बोटांवर मोजायच्या, आणि शेवटी पाण्यात एक पान सोडायच्या. तिघांचं एकमत झालं की चला. दिशा मात्र बदलली नाही. प्रदक्षिणा ती प्रदक्षिणा.

नोकरी संपल्यावर त्या कायमच्या मालवणाला निघाल्या. पुलाखाली भावानं एक लहान होडी ठेवली होती, पर्यटकांना खाडी दाखवायला, आणि वल्हं कोण मारणार यावरून पत्रांतून भांडण सुरू झालं होतं. पत्रं आता चार-चार पानांची होती. आम्ही सगळे हीथ्रोला सोडायला गेलो. नारिंगी रेनकोट तोच. तपासणीच्या दारापाशी गणवेशातल्या माणसानं पर्समधला शंख हातात घेऊन विचारलं, हे काय आहे?

“सेफ्टी इक्विपमेंट,” मालूताई म्हणाल्या.

पुढची रांग गेली. मागची माणसंही त्यांनी हातानं पुढे घातली, एकेक करून, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत. मग त्या दारात थांबल्या, आमच्याकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत रिकाम्या जंगलाला आणि रिकाम्या काठाला घातलेली ती हाक त्यांनी विमानतळाला घातली. “कोण रवलो काय रे?” पोलीस वळला. “कोण रवलो काय?” एका बाळानं रडणं थांबवलं.

तिसऱ्या हाकेला प्रधानांनी हात वर केला. सव्वा सहा फुटांच्या माणसाचा हात, लांबून दिसत होता. मग मंजिरीनं केला. नीतानं केला. मीही केला.

मालूताईंनी बोटानं आम्हाला मोजलं, ओठ हलवत, कुणी सुटू नये अशा काळजीनं. आकडा जुळला असावा. त्यांनी मान हलवली, पदर खोचला आणि आत गेल्या.